जाड टाईपचं पवित्र शास्त्र: दोन डिसेंबर महिने वापरून झाल्यावर

शारजाला परतताना विमानतळावरच्या वजनकाट्यावर आमची बॅग बत्तीस किलो भरली. मुभा तीसची. एका बाजूला आईने दिलेल्या चकल्या, करंज्या, शंकरपाळे, दुसऱ्या बाजूला हे जाडजूड पुस्तक. नवरा म्हणाला, "बायबल फोनमध्ये आहे की!" त्याचं चुकलं नव्हतं. तरी मी पुस्तक हातात घेतलं, चकल्यांचा एक डबा पर्समध्ये कोंबला आणि उरलेल्या जादा वजनाचे पैसे मोजले. त्या पैशांचं चीज झालं का, ते सांगते.

प्रत नगरच्या एका छोट्या दुकानातून घेतली. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, भक्तीला वाचतात तेच जुन्या चालीचं भाषांतर, फक्त टाईप मोठा. काळं रेक्झिन, चेन, दोन रिबिनी, पानांच्या कडेला पुस्तकांच्या नावांच्या खाचा. घरातल्या काट्यावर दीड किलोच्या वर गेलं, म्हणजे मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक नव्हे. ते टेबलावरच ठेवावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच ते वाचलं जातं. फोन प्रत्येकाच्या खिशात जातो, हे मात्र डिसेंबरभर जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसतं.

आमच्याकडे डिसेंबरात लूककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूची गोष्ट सांगणारं एक पुस्तक, वाचतात. अध्याय चोवीस, म्हणून 1 तारखेपासून रोज एक, की 24 तारखेच्या रात्री संपतं. ही युक्ती आमची नाही, बरीच घरं असं करतात. यात एक मजा आहे जी सुरुवात केल्याशिवाय कळत नाही. येशूचा जन्म दुसऱ्या अध्यायात, म्हणजे नाताळ वाचायचा 2 डिसेंबरला! आणि 24 ला, बाहेर सगळे तारे आणि दिवे लावत असताना, आपण वाचतो पुनरुत्थान. धाकट्याला हे अजिबात पटत नाही. पण 2 डिसेंबर हा इथला, म्हणजे अमिरातीचा, राष्ट्रीय दिन. गेल्या वर्षी मेंढपाळांना देवदूतांचा समुदाय दिसतो तिथे पोचलो आणि खिडकीबाहेर आतषबाजी सुरू झाली. त्या दिवसापासून त्याची तक्रार निम्मी झाली.

पहिल्या दिवसाबद्दल मात्र सावध राहा. लूकचा पहिला अध्याय ऐंशी वचनांचा आहे, शाळा आणि ऑफिस करून आलेल्या माणसांना एका बैठकीत झेपत नाही. आम्ही जखऱ्याची गोष्ट नाश्त्याला उरकतो आणि मरीयेचं गीत रात्रीला ठेवतो. तिसऱ्यात वंशावळी. येशूपासून मागे मागे थेट आदामापर्यंत सत्तरच्या वर नावं. ती मुलांना वाचायला द्यायची, जो कमी अडखळेल त्याला पहिली करंजी. मोठ्या टाईपची खरी परीक्षा इथे होते, आणि प्रत त्यात पूर्ण गुणांनी पास. जोडाक्षरं सुटी, ठळक दिसतात. माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकलेली, देवनागरी तिने माझ्याकडून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत उचलली. आधीच्या बारीक टाईपच्या प्रतीत ती दुसऱ्या ओळीलाच पुस्तक सरकवून द्यायची. यात बोट ठेवून पूर्ण अध्याय वाचते.

भाषेचं काय, हा प्रश्न परदेशातले सगळे आईबाप विचारतात. जुनं भाषांतर मुलांना जड जातं, हे खरं. "उतारशाळेत जागा नव्हती" वाचलं तेव्हा धाकट्याने विचारलं, "कुठल्या बोर्डाची शाळा?" मुक्कामाची जागा म्हणून समजावलं. बाळंतं म्हणजे काय, गव्हाण म्हणजे काय, हे सांगताना मला आजोळचा गोठा आठवला. म्हशीचं तोंड, ओल्या कडब्याचा वास. मुलांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्या डोक्यातली गव्हाण मॉलमधल्या देखाव्यातली, स्वच्छ, थर्मोकोलची. येशूला पाहायला जक्कय चढतो ते उंबराचं झाड. खाली दाखवायला खजूर आणि गाफ, उंबर कुठून आणू?

पण सगळ्यात मोठा घोळ "जकातदार" या शब्दाने घातला. शास्त्रात हे कर वसूल करणारे, पापी लोकांत धरलेले. मुलीच्या वर्गात अर्धी मुलं मुसलमान, तिला जकात म्हणजे गरिबांना द्यायचं दान हे पक्कं माहीत. "मग जकात गोळा करणारा वाईट कसा?" मी चमचा खाली ठेवला. अरबी शब्द एकच, आमच्याकडे तो नाक्यावरच्या कराला चिकटला, इथे तो जसा होता तसा राहिला, हे तिला सांगताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. तीच गोष्ट "सलाम"ची. आमच्या मंडळीत भेटल्यावर सलाम म्हणतात, आणि आमच्या इमारतीचा वॉचमनही. तिला वाटायचं, पाळकसाहेब (आमचे पाद्री) अरबी बोलतात.

सोप्या मराठीतली भाषांतरं आहेत आणि चांगली आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आमच्या कपाटात आहे, टिपांसाठी तेच उघडते. प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचायला मात्र मला जुनंच लागतं. सवय, दुसरं काही नाही. लहानपणी आईच्या आत्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातली प्रत पाहिली होती, पंडिता रमाबाईंचं भाषांतर. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं, आणि 1922 साली जाण्याआधी ते काम हातावेगळं केलं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1811 साली, इंग्रज मिशनरी विल्यम केरींच्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला होता. बंगालमधलं श्रीरामपूर हो, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. मी कित्येक वर्षं उगाच अभिमान बाळगून होते.

आता ॲपबद्दल. फुकट आहे, मराठीची चार-पाच भाषांतरं, शेजारी इंग्रजी लावता येते, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. शारजाहून दुबईला जाताना सकाळच्या ट्रॅफिकमध्ये मी त्यातलं ऐकते आणि त्याबद्दल आभारीच आहे. पण टेबलावर ते चाललं नाही. वधस्तंभाच्या अध्यायात, भर तेविसाव्यात, पिझ्झ्याच्या ऑफरचा मेसेज वरून घरंगळला. धाकटा इतका हसला की प्रार्थना पुढे ढकलावी लागली.

पुस्तकाचा खरा उपयोग मला घेतल्यावर कळला, दुकानदाराने सांगितला नव्हता. मी त्या दिवशी दोन प्रती घेतल्या होत्या, एक आईला. वाचताना आईला कॉलवर घेतो. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून बोटिम ॲपवर. आमचे आठ म्हणजे तिकडचे साडेनऊ. आईला आता अध्याय-वचन पटकन सापडत नाही, चष्मा बदलूनही. पण दोन्ही प्रती एकाच छपाईच्या, म्हणून मी नुसता पान नंबर सांगते. ती म्हणते, "थांब थांब, डावीकडचा रकाना ना?" आणि पुढचा भाग ती वाचते. मुलांचं अडखळणं आजीपुढे गुपचूप सुधारतं. आवाज तुटतो, चित्र गोठतं, आजीचा "आणि असे झाले की" हवेत लटकतो, तरी दोन्हीकडे बोटं त्याच ओळीवर असतात. तेव्हा घेणार असाल तर दोन घ्या, एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातल्या. पुढच्या छपाईत पानं सरकतात.

दोष सांगते. कागद पातळ, ट्यूबलाइटखाली मागच्या पानाची अक्षरं पुढे डोकावतात, उजेड बाजूने घेतला तर बरं. वचनांचे आकडे इतके बारीक की मोठ्या टाईपचा सगळा हेतूच तिथे विसरलेला दिसतो. शेवटचे नकाशे धुरकट. चेनचं आवरण दिसायला छान, पण उन्हाळ्यात गाडीत राहिलं तर रेक्झिनला घामासारखा चिकटा येतो. शिवण हा सगळ्यात मोठा दोष: दुसऱ्या डिसेंबरातच लूकचा गठ्ठा सैल झाला. आम्ही तेवढाच भाग उघडतो, हे मान्य, पण मग घरोघरी तेवढाच उघडला जात असणार, बांधणाऱ्यांना माहीत नको?

आणताना कस्टममध्ये कुणी विचारेल का, असं मला दोघींनी विचारलं. आम्हाला कधीच विचारलं नाही. 25 तारीख इथे कामाचा दिवस असते, मुलांना हिवाळ्याची सुट्टी असते म्हणून आम्ही दोघं रजा टाकतो. पूर्वी तर मुख्य उपासनाही शुक्रवारी व्हायची. 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाल्यावर रविवार पुन्हा रविवारी आला. तोवर आमचा मोठा शब्बाथशाळेला, म्हणजे संडे स्कूलला, "फ्रायडे स्कूल" म्हणायचा, आणि चूक त्याची नव्हती.

तिसऱ्या अध्यायाच्या पानावर करंजीच्या तुपाचा डाग पडलाय, उजेडात धरलं की शेथ आणि आदाम यांच्यामधून पलीकडचा रकाना वाचता येतो. सोळाव्यापासून पुढचा गठ्ठा रबरबँडने धरलाय. जूनमध्ये नगरला गेले की बाइंडरकडे टाकणार आहे, आणि आईचीही प्रत सोबत देणार, म्हणजे दोन्ही एकदमच शिवून होतील.