इलास्टिकचा गळा की अस्तराचा योक?

मुलीचा पहिला फ्रॉक घरी शिवायचा ठरला की आधी कापडावर खल होतो. पॉपलीन की केंब्रिक, फुलं की चौकडा. खरं अडतं ते गळ्याशी. घेर थोडा वाकडा कापला गेला तर तो चुण्यांत खपून जातो, गळ्याचं तसं होत नाही. घरगुती शिलाईत याला दोन सोपे मार्ग आहेत: इलास्टिक ओवून चुणलेला गळा, किंवा अस्तर लावलेला योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा वेगळा वरचा भाग, आणि मागे बटणं. दोन्ही साध्या काळ्या मशीनवर होतात.

पुढची मापं चार वर्षांच्या आसपासच्या मुलीची धरली आहेत: छाती २२ इंच, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची २२ इंच, डोक्याचा घेर २० इंच. कापड ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, सुती. मुंबईच्या कापडबाजारात, हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात, दुकानदार ‘हे आटत नाही’ म्हणाला तरी बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवावं, वाळवावं, इस्त्री करावी. माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं कापड, सगळीकडे अर्धा इंच.

आधी इलास्टिक. याला तुकडे चारच. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २० इंच रुंद, २५ इंच उंच; दोन बाह्या प्रत्येकी १४ इंच रुंद, ९ इंच उंच. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या कडेचा, एकच आकार कापायचा: ३ इंच आत, साडेपाच इंच खाली. पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसतात, बाह्या त्याखाली, म्हणजे एक मीटरमध्ये निवांत होतं. आधी बाह्या मुंढ्याला जोडायच्या, मग बाहीच्या टोकापासून खाली घेरापर्यंत बाजूची सलग टीप. गळा पाव इंच आणि मग पाऊण इंच दुमडला की अर्ध्या इंचाच्या इलास्टिकचा नेफा तयार. दीड इंच उघडं ठेवून इलास्टिक सेफ्टी पिनेने ओवायचं. लांबी साधारण १५ इंच, जोडासाठी अर्धा इंच वेगळा.

चुकतं ते दोनच ठिकाणी. पहिलं, नेफ्याच्या आत चार शिवणींची माया सुटी असते आणि सेफ्टी पीन नेमकी तिच्यात शिरून अडकते. नेफा दुमडण्याआधी त्या माया फाकवून, वरच्या दीड इंचात एकेक टीप मारून बसवल्या की पीन सरळ जाते. दुसरं, चार धुण्यांनंतर इलास्टिक आतल्या आत पिळतं आणि गळ्याला दोरीसारखा पीळ दिसतो. चुण्या सारख्या पसरल्यावर चारही शिवणींवर नेफ्याच्या आरपार एक उभी टीप मारून ठेवली तर ते जागचं हलत नाही. विणीचं इलास्टिक मिळालं तर बरं. गोफासारखं गुंफलेलं इलास्टिक ताणलं की अरुंद होतं आणि नेफ्यात जास्त वळवळतं.

या फ्रॉकची जमेची बाजू ठळक आहे. माप इंचभर चुकलं तरी कळत नाही. एका दुपारी होतो. मुलगी तो स्वतः डोक्यावरून घालते आणि स्वतःच काढते. बालवर्गात जाणाऱ्या मुलीला आणि सकाळी तिला तयार करणाऱ्याला याची किंमत कळते. शिवाय दुसऱ्या वर्षी आखूड झाला की लेगिंगवर टॉप म्हणून चालतो. पहिलाच फ्रॉक शिवणाऱ्याला मी याच्या आड येणार नाही.

माझं अडलं ते घामाशी. गळ्याच्या कडेचं कापड मोजून पाहा. पुढचे १४, मागचे १४, बाह्यांचे ८ आणि ८, मिळून ४४ इंच. शिवणींत ४ गेले, राहिले ४०. हे ४० इंच १५ इंचांत कोंबायचे, म्हणजे अडीच पटीहून जास्त चुण्या. त्यात नेफ्याला कापडाचे दोन थर, दुमडीपाशी तीन. हिशेब केला तर मुलीच्या मानेभोवती कुठे पाच तर कुठे आठ थर कापड आणि मधोमध रबर बसतं. बाकी फ्रॉक कितीही झुळझुळीत मलमलचा असो, तिथे गोधडीच असते. एप्रिल-मेमध्ये आणि परत ऑक्टोबरात मुंबईची हवा जेव्हा अंगाला चिकटते, तेव्हा घामोळं नेमकं त्या पट्ट्याखाली उठतं. फ्रॉक काढल्यावर मानेवर चुण्यांचा लालसर छापा दिसतो. इलास्टिक घट्ट आहे म्हणून ते होतं असं वाटतं, म्हणून सैल करावं, तर एक खांदा सारखा खाली घसरतो आणि मुलगी दिवसभर तो वर ओढत बसते. १४ इंचांना छापा आणि १६ इंचांना उघडा खांदा, या दोन टोकांमध्ये जागा फार थोडी आहे.

पावसाळ्यात आणखी एक भर. घरात दोरीवर टाकलेला फ्रॉक सकाळपर्यंत वाळतो, नेफा वाळत नाही. हात लावला तर घेर कोरडा, गळा दमट. मग तो इस्त्रीने वाळवायचा मोह होतो आणि गरम इस्त्रीने रबराची ओढ लवकर मरते. वर्षभरात इलास्टिक बदलावं लागलं तर नवल नाही. बदलायचं म्हणजे त्या चार उभ्या टिपा उसवणं आलं.

यावर उपाय आहेत, पण अर्धेमुर्धे. पाव इंचाचं इलास्टिक वापरून नेफा अर्ध्या इंचावर आणता येतो. नेफा मूळ कापडाचा न करता आतून मलमलची तिरकी पट्टी लावली तर जाडी कमी होते. बॉबिनवर इलास्टिकचा बारीक दोरा हाताने गुंडाळून चार-पाच समांतर टिपा मारल्या तर नेफाच टळतो. हे दिसतंही छान, मात्र दोरा बॉबिनवर ताणून गुंडाळला तर चुण्या असमान येतात. इलास्टिकऐवजी नाडी घालू नये. लहान मुलांच्या गळ्याची नाडी घसरगुंडीत किंवा झोपाळ्यात अडकते. युरोपातल्या सुरक्षा-मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी चालत नाही, ते उगाच नाही.

आता योक. लोक याला बिचकतात ते मागच्या उघडीमुळे, म्हणजे बटणांसाठी ठेवलेल्या फटीमुळे, आणि मुंढ्याच्या गोलाईमुळे. पण योकला मलमलचं पूर्ण अस्तर लावलं तर गळपट्टी नको, मुंढ्याला पायपिंग नको. सगळ्या कडा अस्तरातच संपतात आणि मानेला लागतात ते फक्त दोन मऊ थर. घरात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल तर अस्तराला तिच्यासारखं कापड बाजारात मिळत नाही.

छाती २२ अधिक ३ इंच सैलपणा, असा तयार योक २५ इंचांचा. म्हणून पुढचा तुकडा साडेतेरा इंच रुंद. मागचे दोन, प्रत्येकी पावणेआठ इंच, कारण बटणपट्टी एकमेकींवर एक इंच चढायला हवी. योकची उंची मायेसह ८ इंच. खांदा तयार २ इंच. मुंढा छातीच्या चौथ्या भागापेक्षा अर्धा इंच जास्त खोल ठेवावा, कारण वाढत्या मुलीला योक सगळ्यात आधी काखेतच काचतो. खालच्या घेराला कापायचं काही नाही: ४४ इंचांचा अख्खा पन्हा, उंची साडेअठरा इंच, त्यात ३ इंच खालची दुमड. म्हणजे ८० सेंटिमीटर कापड आणि २५ सेंटिमीटर अस्तर. बाहीच नसल्याने मूळ कापड इलास्टिकच्या फ्रॉकपेक्षा कमी लागतं.

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ कापडाचे खांदे जोडा, अस्तराचे खांदे वेगळे जोडा. दोन्ही योक सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर अंथरा. गळा, मागच्या दोन्ही उभ्या कडा आणि दोन्ही मुंढे यांवर टीप मारा. बाजू आणि खालची कड उघडी राहू द्या. बाजू आधीच शिवून बसलात तर योक सुलटा होणारच नाही, सगळं उसवावं लागेल. या फ्रॉकमधली ही सगळ्यात महागडी चूक. गोलाईवर टीप बारीक, दोन मिलिमीटरची. मायेत दर अर्ध्या इंचाला कात्रीचा छेद द्या, टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. मलमलवर कात्री टिपेपर्यंत गेली तर पहिल्याच धुण्यात तिथे भोक दिसतं. मग मागचा एकेक भाग खांद्याच्या बोळातून पुढे ओढून काढायचा. खांदा दीड इंचापेक्षा अरुंद केला तर इथे हातघाईवर यावं लागतं. शेवटी बाजूंच्या शिवणी: मूळ कापड आणि अस्तर काखेत उलगडून एकाच सलग टिपेत.

अस्तर मुंढ्यातून बाहेर डोकावत असेल तर कापतानाच त्याची कड धाग्याभराने, म्हणजे दोन मिलिमीटर, कमी ठेवावी. इस्त्रीने दाबून हा दोष जात नाही.

मागच्या उघडीची भीतीही एका युक्तीने जाते. अख्खा पन्हा घेतल्यामुळे घेराला शिवण एकच, तीही मागे मधोमध आणि दोन्ही बाजूंना कापडाचा काठ. तिथे माया एक इंच सोडा, वरचे तीन इंच शिवूच नका, काठ आत दुमडून टीप मारा. धागे सुटत नाहीत, ओव्हरलॉक लागत नाही. योकची बटणपट्टी एकमेकींवर चढली की घेरात एक छोटी चूण पडते, ती दिसत नाही. उघड जिथे संपते तिथे एक आडवी पक्की टीप हवी. नाहीतर मुलगी फ्रॉकमध्ये पाय घालून चढवते त्या दिवशी ती शिवण उसवते.

चुण्यांसाठी लांब टाक्याच्या दोन ओळी, पाव आणि अर्ध्या इंचावर, खालचा दोरा ओढून. ४२ इंच २६ इंचांत बसवायचे आहेत, पॉपलीनला इतकं पुरे. मलमल असेल तर दीड पन्हा घ्या, नाहीतर घेर केविलवाणा लोंबतो. चुण्या आधी फक्त मूळ योकला जोडायच्या, अस्तराची कड त्यावर झाकून हाताने शिवायची.

राहता राहिली काजं. काजाचा पाय नसलेल्या मशीनवर ती घरी करण्यात अर्थ नाही, टेलरांच्या गल्लीत काज-बटणवाला पाच मिनिटांत तीन काजं करून देतो. त्याच्याकडे नेण्याआधी खडूने जागा आखून न्या, नाहीतर तो आपल्या अंदाजाने शर्टासारखं अंतर ठेवतो. टिचबटणं सोपी वाटतात, पण पाठ टेकली की टोचतात आणि धावताना सुटतात. चपटी, बारा मिलिमीटरची, दोन भोकांची बटणं बरी.

योकचा खरा तोटा कबूल करायला हवा. मागची बटणं मुलीला स्वतःला लावता येत नाहीत. तिला तयार व्हायला कुणीतरी लागतं आणि त्या वेळी ते कुणीतरी सहसा डबा भरत असतं. हा मुद्दा तुमच्या घरात जड असेल तर इलास्टिकच घ्या, फक्त ते पाव इंचाचं घ्या आणि फ्रॉक घरातल्या वापरासाठी, रात्रीसाठी ठेवा. उघड पुढे घेऊनही योक बेतता येतो, पण मग पुढचा भाग दोन तुकड्यांत होतो आणि चौकडा असेल तर चौकटी जुळवत बसावं लागतं.

खणाचा फ्रॉक मनात असेल तर मात्र प्रश्नच उरत नाही. खणाचं कापड कडक, त्याचा पन्हाही कमी; इलास्टिकवर ते चुणतच नाही, मानेभोवती करवतीसारखं उभं राहतं. गणपतीला योक खणाचा आणि घेर साध्या सुती कापडाचा केला, खणाचा काठ खाली लावला, तर कापडही थोडक्यात होतं आणि अस्तरामुळे खणाची जरीची तार अंगाला टोचत नाही.

वाढीचं म्हणाल तर या वयात उंची वर्षाला साधारण ६ सेंटिमीटर वाढते, छाती त्या मानाने हळू. म्हणून तीन इंचांची दुमड ठेवली आहे. पुढच्या वर्षी ती दीड इंच सोडायची. दुमडीची जुनी रेघ पॉपलीनवर फिकट दिसते, तिच्यावर बारीक लेस फिरवली की झाकते. आणि मागची बटणं कापून अर्धा इंच कडेकडे सरकवून लावायची. एक इंचाची पट्टी त्यासाठीच सोडलेली असते.