दिवाडी की दीव? दोन दिवसांसाठी कुठलं बेट?

भाचीचा परवा मेसेज आला. "मावशी, शुक्रवारी रात्री निघणार, सोमवारी सकाळी ऑफिसात. बेटावर जायचंय. दिवाडी की दीव?" ठाण्यात राहते, सोबत दोन मैत्रिणी. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहितेय, कारण हाच प्रश्न मला गेल्या वर्षभरात तिघांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलंय.

दिवाडी गोव्यातलं, दीव गुजरातच्या किनाऱ्यालगतचं, पण दोन्ही नावं 'द्वीप' या एकाच शब्दातून आलेली. दोन्हीकडे पोर्तुगीज होते आणि दोन्हीकडून ते एकाच दिवशी गेले, १९ डिसेंबर १९६१ ला. त्यानंतर १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता. म्हणजे कागदावर ही दोन बेटं पंचवीसेक वर्षं एकाच सरकारी घरात नांदली. प्रत्यक्षात मात्र एक मांडवी नदीच्या पोटात झोपलेलं आणि दुसरं सौराष्ट्राच्या टोकाला अरबी समुद्राचा मार खात उभं. तुलना करायची तर इथूनच करावी लागते.

आधी तासांचा हिशोब

मुंबई-ठाण्याहून दिवाडी म्हणजे कोकणकन्या. रात्री बसायचं, सकाळी करमळीला उतरायचं. करमळी स्टेशनापासून जुनं गोवं रिक्षाने काही मिनिटांवर आणि तिथल्या धक्क्यावरून फेरीबोट. दुपारच्या जेवणाआधी बेटावर. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. पुण्याहून रात्रीची स्लीपर बस पणजीला सोडते, तिथून रायबंदरच्या धक्क्यावरून दुसरी फेरी आहे. म्हणजे दोन दिवसांच्या सुट्टीत दीड दिवस खरोखर हातात पडतो.

दीवचं गणित असं सरळ नाही. सौराष्ट्र जनता एक्स्प्रेस वांद्रा टर्मिनसहून वेरावळला जाते. तिच्यात एक रात्र आणि वर जवळपास अर्धा दिवस जातो. वेरावळहून पुढे रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर. म्हणजे शुक्रवारची रजा टाकली तरी शनिवारची दुपार उजाडते आणि परतीचं तेच. दीवला नागवा गावाजवळ विमानतळ आहे. तुमच्या तारखांना मुंबईहून थेट विमान मिळत असेल तर चित्र पार बदलतं. नसेल तर शनिवार-रविवारात दीव करू नका, हे मी स्पष्टच सांगते. आम्ही एकदा तो पराक्रम केला होता. दीवमध्ये जेवढा वेळ होतो त्याच्या दुप्पट वेळ गाडीत होतो, आणि सोमवारी ऑफिसात मी कुठल्या फायलीवर सही केली ते आजही आठवत नाही.

सूरत, बडोदा, अहमदाबादकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना अर्थात हा मुद्दा लागू नाही. तुम्हाला दीवच जवळ, तुम्ही खुशाल पुढचं वाचा.

बेटावर आल्यासारखं कुठे वाटतं?

दीवला जाताना बेट कधी सुरू झालं ते कळत नाही. मुख्य भूमीवरच्या उना गावाहून गाडी येते, घोघल्याचा पूल किंवा तडचा नाका ओलांडते, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी दिसतं न दिसतं तोच तुम्ही आत. घोघला तर मुख्य भूमीवरच आहे, फक्त कारभार दीवचा.

दिवाडीला पूल नाही. पुलाची चर्चा अधूनमधून उठते आणि विरते. बेटावरच्या लोकांत त्यावर एकमत नसतं, आणि पाहुणी म्हणून मी त्यात बोलणार नाही. पण धक्क्यावरची ती दहा मिनिटं मला सगळ्यात आवडतात. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून (वास्को द गामाच्या पणतवाने १५९७ मध्ये उभारलेली) रस्ता सरळ नदीवर उतरतो. फेरी येते, पुढची लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर टेकते आणि ती पुरती टेकायच्या आत स्कूटरवाले सुटतात. मग माणसं, मग मोटारी. चढताना मासळीची पाटी घेतलेली बाई, गॅसचे सिलिंडर, शाळेची पोरं आणि आपल्यासारखे पाठीवर सॅक लावून फोटो काढणारे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे. तेवढ्या वेळात मोबाइल खिशात जातो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

उतरल्यावर गाव लगेच लागत नाही. आधी खारफुटी, मग खाजन शेतं, मधून सरळसोट रस्ता. खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधात 'मानस' नावाची झडप असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडून आतलं जादा पाणी बाहेर सोडते. खारं पाणी सोसणारं कोरगूट भात इथलंच. आम्ही मानसेपाशी अर्धा तास नुसते उभे होतो. झडपेच्या फटीतून पाणी सुटायला लागलं तसे बगळे आले, एकेक करून, आपापली जागा ठरलेली असल्यासारखे.

पाहायचं काय

इथे दीव सरळ जिंकतं आणि मोठ्या फरकाने जिंकतं.

किल्लाच घ्या. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीने घेरला गेला, तेव्हा पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून त्याने त्यांना १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधू दिला. त्याच्या आदल्या वर्षीच्या तहात त्याने त्यांना वसई दिली होती. म्हणजे चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जी वसई घेतली तिची आणि दीवच्या किल्ल्याची कथा एकाच सुलतानाच्या अडचणीतून सुरू होते. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला दीवच्या तटावर चालताना ओळखीचं काहीतरी लागतं. फरक इतकाच की वसई झाडोऱ्यात बुडालीय आणि दीव उघडं, वाऱ्यावर, तीन बाजूंना समुद्र. १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे या किल्ल्याने सोसले. समोर खाडीत पाणीकोठा हा छोटा किल्ला, नांगर टाकून उभ्या राहिलेल्या जहाजासारखा. संध्याकाळी बंदरावरून तो बघत बसावा.

आणखी? सेंट पॉल चर्च. नायडाच्या गुहा, ज्या खरं तर दगडाच्या जुन्या खाणी आहेत. वरच्या भोकांतून ऊन खाली पडतं आणि भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. फुदमजवळ गंगेश्वर, कपारीत पाच शिवलिंगं. भरतीला प्रत्येक लाट त्यांच्यावरून जाते, म्हणून भरतीची वेळ विचारूनच जा. ओहोटीला गेलात तर निम्मी मजा जाते. नागव्याच्या किनाऱ्यावर होका नावाचं ताडाच्या कुळातलं झाड आहे. त्याला फांद्या फुटतात. ताडाला फांद्या म्हटल्यावर आमचे यजमान हसले होते, झाडाखाली उभे राहिल्यावर गप्प झाले.

आणि खुकरी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. टेकाडावर स्मारक आहे, खाली चक्रतीर्थाचा किनारा. त्याच नावाची नंतरची युद्धनौका नौदलातून निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवला दिली गेली. मुलं सोबत असतील तर हे चुकवू नका.

दिवाडीला या तोडीचं काही नाही. पिएदाद गावच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून मांडवीचे फाटे आणि पलीकडे जुन्या गोव्याचे शुभ्र मनोरे दिसतात. शेजारच्या दफनभूमीतल्या लहान चॅपेलचं छत मान वर करून नीट बघा, ते कदंब राजांच्या काळच्या देवळाचं आहे. गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मुळात याच बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग लोकांनी नदीपलीकडे नार्वे गावी नेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटाच्या उत्तर टोकाहून नार्व्याला फेरी जाते. आमच्या पूर्ण सहलीत मला सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवास तोच, देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून आपणही जाणं.

बाकी दिवाडीत बघायचं म्हणजे घरं. बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसलेली आजी, जिला तुम्ही "बरें मू?" (बरं आहे ना?) म्हटलंत तर ती तुमच्या तीन पिढ्यांची चौकशी करते. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येतो तेव्हा झोप मोडून दाराशी जा, कोंडा लावलेली गरम पोळी घ्या (गोव्यातली पोळी म्हणजे पाव, आपली नव्हे) आणि तिथेच उभ्याने खा.

समुद्र हवा असेल तर

ही गोष्ट लोक विसरतात: दिवाडीला किनाराच नाही. वाळू नाही, लाटा नाहीत. नदीत पोहायची कल्पनाही करू नका, शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. समुद्रासाठी फेरी ओलांडून तासभर स्कूटर हाणावी लागेल, मग बेटावर राहिलात कशाला? घोघल्याचा किनारा स्वच्छ आणि लांबलचक आहे, २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळालं. पावसाळ्यात मात्र तिथेही पाण्यात उतरू देत नाहीत.

ऋतूंचं सांगायचं तर दोन्ही बेटं एकमेकांची उलटी आहेत. दीव डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात वारा आणि बंद समुद्र यांपलीकडे फारसं काही उरत नाही. दिवाडी जुलै-ऑगस्टमध्ये, भात हिरवं असताना, छत्री उलटी होत असताना. फक्त पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश धावतात, ते धरून चाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला बोंदेरां हा सण असतो: रंगीत झेंडे, चित्ररथ, बांबूच्या नळीतून फळं उडवणारे फोटाश. पोर्तुगीजांनी हद्दी दाखवायला रोवलेले झेंडे गावकरी उपटून टाकत, त्याची ही आठवण. शांतता हवी असेल तर नेमका तोच शनिवार टाळा, फेरीची रांग पार वर रस्त्यापर्यंत जाते.

गर्दी, जेवण आणि शनिवारची रात्र

गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही. एवढ्या एका वाक्यात दीवचा शनिवार समजून घ्या. आमच्या हॉटेलात शेजारच्या खोलीत रात्री दोनपर्यंत गरबा चालला होता, ऑगस्टमध्ये. मॅनेजरला सांगायला गेले तर तो म्हणाला, "बेन, सोमवारी या, फार शांत असतं." खरंच होतं त्याचं. जमल्यास दीव आठवड्याच्या मधल्या दिवसांत करा, दिवाळीच्या आणि ३१ डिसेंबरच्या वाट्याला जाऊ नका.

दिवाडीचा त्रास उलटा. रात्री आठनंतर काही मिळेल ही आशा सोडा. दुपारी दुकानं मिटतात, खानावळी मोजक्याच. जिथे राहाल तिथेच जेवणाचं आधी सांगून ठेवा: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तळलेली मासळी. शाकाहारी असाल तर दोनदा सांगा. आम्ही पणजीत जेवून परतायचं ठरवलं आणि धक्क्यावर शेवटच्या फेरीची धावपळ केली. ती वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. शाकाहाऱ्यांना दीव सोपं, गुजराती थाळी कुठेही मिळते. मासे खाणाऱ्यांनी पश्चिम टोकाला वणाकबाऱ्याच्या बंदरावर सकाळी चक्कर मारावी, निदान नावा आणि वाळत घातलेली सुकट बघायला.

चालताना त्रास होणारे आईवडील सोबत असतील तर दीव, पण तीन-चार दिवस काढून, सोमनाथ जोडून. गीर जोडायचं असेल तर १६ जून ते १५ ऑक्टोबर ते बंद असतं. पक्ष्यांचं वेड असेल तर दिवाडीऐवजी शेजारचं चोडण बघा, रायबंदरहूनच फेरी आणि उतरल्यावर जवळच सलीम अली अभयारण्य. आणि फक्त एकच रविवार असेल तर घारापुरी, सोमवारी मात्र लेणी बंद. तिथे पर्यटकांना मुक्काम करता येत नाही.

भाचीने शेवटी करमळीची तिकिटं काढली. दीव डिसेंबरात, आईला घेऊन. तिला एकच सांगितलंय. थिवी सोडलं की ब्रश घेऊन बेसिनपाशी जाऊ नकोस, दारापाशी ये. गाडी मांडवीचं पात्र ओलांडते तेव्हा खाली बांध, पाणी आणि भाताची खाचरं दिसतात. ती दिवाडीच. रेल्वे बेटावरून जाते पण थांबत नाही. तू पुढे उतरून, रिक्षा करून, फेरीत उभी राहून तिथेच परत येशील, आणि दुपारी त्याच बांधावरून वर गाडी जाताना बघशील.