चपलांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या का फॉर्मवर?

भावा, तुझे वडील फोनवर ऑर्डरी घेतात, त्याऐवजी फॉर्म करावा का असं तू विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो, कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे आणि आम्ही दोन्ही करून बघितलंय.

आधी फोन. जुनं गिऱ्हाईक म्हणतं "मागच्यासारखीच पाठवा, जरा मोकळी", आणि फोन घेणाऱ्या आमच्या काकांना लगेच कळतं की कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार), ८ नंबर, आणि मोकळी म्हणजे लांबीला नाही तर पट्ट्यात, कारण त्या माणसाचा पंजा रुंद आहे हे त्यांनी स्वतः बघितलंय. संस्कृतात 'सैंधव आण'चं उदाहरण देतात ना, जेवायला बसलेला म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा, तसंच हे. फोन लई सोपा वाटतो, पण अर्थ सगळा काकांच्या डोक्यात असतो. ते चार दिवस गावाला गेले तेव्हा मी 'मोकळी' ऐकून एक नंबर मोठी पाठवली, जोड परत आला, कुरिअरचा खर्च आमच्यावर.

फॉर्ममध्ये कोण बसलंय याने फरक पडत नाही, हा मोठा फायदा. पण फॉर्मला विचारलं नाही ते कळतच नाही. नुसतं ८ लिहिलं तर कुठला ८? आपल्याकडचा ८ म्हणजे युरोपात साधारण ४२ आणि अमेरिकेत ९, त्यामुळं अमेरिकेतला माणूस त्याच्या हिशोबानं ८ टाकतो आणि चप्पल मोठी जाते. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडं पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच वाया गेलं, एका सॉफ्टवेअरचे आकडे पौंडाच्या मापात होते, दुसरीकडं ते न्यूटनचे धरले. आकडा नीट पोचला, माप कुठलं ते पोचलं नाही.

व्हॉट्सअपवर पायाचा फोटो मागवणार असशील तर शेजारी मोजपट्टी ठेवायला सांग, नाहीतर आकार कळतो, माप नाही.

माझं मत, गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त ओळखीचं असेल तर फोनच ठेव, फक्त प्रत्येक ऑर्डर वहीत पूर्ण लिही. बाहेरगावचं जास्त असेल, किंवा फोन उचलणारी माणसं बदलत असतील, तर फॉर्म, त्यात पायाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, नंबर कुठल्या देशाचा, चपलेला बाजूचे कान हवेत का नकोत, आणि खाली 'अजून काही सांगायचंय' अशी मोकळी जागा, ती काढू नकोस, खरी माहिती बऱ्याचदा तिथंच येते.

आणि फॉर्म बनवायच्या आधी आठवडाभर तुझ्या वडिलांच्या शेजारी बस, फोन ठेवला की विचार, "हे तुम्हाला कशावरनं कळलं?" जी उत्तरं येतील त्यांचेच रकाने कर.