लोहचुंबक चिकटला नाही म्हणून स्टेनलेसचा पत्रा 310 ग्रेडचा समजलो, 2,82,917 रुपये गेले

कुडाळ एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. सतरा वर्षं काजू कारखान्यांच्या भट्ट्या बनवतोय. हे लिहायला लाज वाटते, पण मार्चपासून काजूचा हंगाम, सगळे घाईत माल उचलतात, म्हणून लिहितो.

वेंगुर्ल्याच्या एका कारखान्याचं काम होतं. जळण काजूच्या टरफलाचं. त्यात तेल, त्यामुळे आच भयंकर. आतला पत्रा 980 अंशांपर्यंत जातो. शिवाय भट्टी रोज विझते, रोज पेटते. अशा तापण्या-निवण्यात 304 ग्रेडचा स्टेनलेस पत्रा साधारण 870 अंशांपर्यंतच तग धरतो, पुढे पापुद्रे सुटतात. 310 मात्र 1035 पर्यंत चालतो, कारण त्यात क्रोमियम 25 टक्क्यांच्या आणि निकेल 20 च्या आसपास असतं. पैसे त्या निकेलचेच मोजायचे.

6 मिलीचे तीन पत्रे, 444 किलो, 540 रुपये भाव. बाकीचे 610 सांगत होते. फार स्वस्त असता तर मी उभाच राहिलो नसतो. 70 रुपयांचा फरक या धंद्यात रोज दिसतो. मुंबईच्या व्यापाऱ्याने टीसी, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, पाठवला, पत्र्यावर 310 चा शिक्का होता, मी लोहचुंबक लावला, चिकटला नाही. जीएसटी धरून 2,82,917 रुपयांचं आरटीजीएस केलं. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असल्याने तो जीएसटीही परत मिळणार नाही.

लोहचुंबक! 200 सिरीजचा, बरंचसं निकेल काढून मॅंगनीज घातलेला स्वस्त पत्राही त्याला चिकटत नाही. 304 चिकटत नाही, 310 नाही, 72 टक्के निकेलचा महाग मिश्रधातू इन्कोनेल 600 सुद्धा नाही. मग त्या चाचणीने मला काय कळलं? आणि टीसीवरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, पत्र्याच्या कोपऱ्यावर शोधला, तर तिथे ग्राइंडर फिरवलेला. वाहतुकीत घासलं असेल, असं मीच मनाला सांगितलं.

थांबायची खरी वेळ तर पुढे आली. पहिला पत्रा कापताना हाताखालचा पोरगा म्हणाला, "मेस्त्रीनू, ठिणगे लय लांब जातत." 310 च्या ठिणग्या आखूड, थोड्या आणि तांबूस पडतात, निकेल जास्त म्हणून. इथे पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या पार दारापर्यंत चालल्या होत्या. मी म्हटलं, चाक नवीन आहे, काम कर. तो पोरगा अठरा वर्षांचा, त्याला दिसलं. तिथेच थांबलो असतो तर दोन पत्रे अखंड परत गेले असते.

तीन आठवड्यांत पत्र्याचे पापुद्रे राखेत पडायला लागले. तुकडा कोल्हापूरला लॅबमध्ये दिला, 900 रुपये. धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या गनने दोन मिनिटांत सांगितलं: क्रोमियम 15, मॅंगनीज 9, निकेल 1. टीसीवर निकेल 19.4 लिहिलेलं.

व्यापारी म्हणाला, कापलेला माल परत होत नाही. पोलीस स्टेशनला पाच वेळा गेलो. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 वाचून गेलो होतो, लॅबचा रिपोर्टही सोबत. उत्तर एकच, हा दिवाणी मामला, वकील बघा. खोटा टीसी बनवून पैसे घेणं दिवाणी कसं? एकाने विचारलं, "पत्रा तर मिळाला ना?" सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक आयोगात सांगितलं, धंद्यासाठी घेतलेला माल इथे बसत नाही. जीएसटीवाल्यांना बिल खरं आहे एवढंच पुरे. चार दारं, आणि प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं. वकिलाच्या नोटिशीचे 3,500 वेगळेच.

कापण्याआधी गन लावून घ्या. मॅंगनीजच्या चाचणीची छोटी बाटली आणि 9 व्होल्टची बॅटरी जवळ ठेवा. पत्र्यावर थेंब टाकून बॅटरी लावा, थेंब लाल झाला तर पत्रा 200 सिरीजचा. पण लाल नाही झाला म्हणून 310 समजू नका, तो 304 असू शकतो. हीट नंबर पत्र्यावर वाचता आला नाही तर गाडी उतरवूच नका. इन्कोनेल म्हणून कोणी तुकडे विकत असेल तर वजन करा आणि पाण्यात बुडवून घनफळ काढा: इन्कोनेल 600 एका घनसेंटिमीटरला 8.47 ग्रॅम भरतो, स्टेनलेस 8 च्या आतबाहेर. 304 आणि 310 मात्र वजनाने वेगळे होत नाहीत, तिथे फसू नका. आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका.

भट्टी मी स्वखर्चाने पुन्हा केली, मजुरीचेच 41,500 गेले. कारखान्याचे मालक एक शब्द वाकडा बोलले नाहीत. दुसऱ्या भट्टीचं काम मात्र त्यांनी सावंतवाडीला दिलं.