बेसबॉलच्या फोटोंसाठी ब्रिज कॅमेरा की मिररलेस?

न्यू जर्सीत राहून बेसबॉलची गोडी लागली आणि स्टँडमध्ये बसूनच चांगले फोटो हवे असतील, तर फिरून फिरून दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे एक इंची सेन्सरचा, २४ ते ६०० मिमी आवाक्याचा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स अंगचीच, बदलता न येणारी. दुसरा, एपीएस-सी (म्हणजे त्याहून बऱ्याच मोठ्या) सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा मिररलेस आणि त्यावर १००-४०० मिमीची हलकी झूम लेन्स. पहिला मी बरीच वर्षं वापरला, आता दुसरा वापरतो.

वजनात म्हणावा असा फरक नाही. पोहोचही जवळपास सारखीच, कारण एपीएस-सी सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्याने त्यावर ४०० चे ६०० च्या वर होतात. उजेडाबद्दल मात्र गैरसमज फार. ब्रिजची लेन्स लांबच्या टोकालाही एफ/४ देते आणि हलकी १००-४०० तिथे एफ/८ वर येते (आकडा मोठा तितका उजेड कमी), हे ऐकून बरेच जण ब्रिजकडे झुकतात. पण मिररलेसचा सेन्सर बराच मोठा, त्यामुळे तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवूनही फोटो टिकतो. दिव्यांखाली १/१००० चा शटर ठेवून काढलेल्या फोटोंतला नॉइज (दाणेदारपणा) मला तरी दोन्हींकडे सारखाच वाटला. जाळीचंही तेच. २०१८ च्या हंगामापर्यंत मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या तीसही संघांनी प्रेक्षकांसाठीची संरक्षक जाळी निदान डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या, पलीकडच्या टोकापर्यंत नेली, त्यामुळे चांगल्या जागेवरून जाळीतूनच फोटो काढावा लागतो. जाळीच्या अगदी जवळ बसलात, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलंत आणि फोकसचा चौकोन लहान केलात, तर दोन्ही कॅमेऱ्यांत ती विरघळून जाते. मागच्या रांगांतून दोन्ही कॅमेरे अधूनमधून जाळीलाच पकडतात.

माझा निर्णय झाला तो झूममुळे.

ब्रिज कॅमेऱ्यांत झूम बहुधा मोटरवर चालतो. तुम्ही कडं फिरवा नाहीतर बटण दाबा, लेन्स सरकणार ती मोटरच्या चालीने. पिचर (चेंडू फेकणारा) आणि बॅटर टिपताना याचा काहीच त्रास नाही. दोघंही आपापल्या जागी असतात, पिच क्लॉक (चेंडू फेकण्यासाठीची वेळमर्यादा) आल्यापासून चेंडू कधी सुटणार याचा अंदाजही येतो. फ्रेम बांधायची आणि थांबायचं, एवढंच.

पण बेस चोरायला, म्हणजे फटका न लागताच पुढचा बेस गाठायला, धावपटू सुटला की चित्र बदलतं. बॅटरमागच्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंत साधारण दोन सेकंद जातात. तेवढ्यात होम प्लेटवरून, म्हणजे बॅटरच्या जागेवरून, नजर उचलायची, झूम मागे घेऊन धावपटू शोधायचा, पुन्हा जवळ जायचं आणि घसरण टिपायची. मोटरचा झूम निम्म्या वाटेवर असतानाच पंचाचा हात वर गेलेला असतो. धुरळा मिळतो, टॅग (चेंडू धरलेल्या हाताने धावपटूला बाद करणारा स्पर्श) मिळत नाही. मिररलेसच्या लेन्सवर मनगटाच्या एका हिसक्यात ४०० चे २०० होतात. बॅटरवर असलेला हात दुसऱ्या बेसवर कधी गेला, हे हळूहळू आपल्यालाही कळेनासं होतं.

हे चोरीचे क्षण आता क्वचितचे राहिलेले नाहीत, म्हणून मी यावर इतका अडून बसतो. २०२३ मध्ये मेजर लीगने बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिच क्लॉक आणला, पिचरला धावपटूकडे चेंडू फेकण्यावरही बंधन घातलं. आदल्या हंगामात अडीच हजारांच्या आत असलेल्या चोऱ्या त्या वर्षी साडेतीन हजारांवर गेल्या. आजच्या बेसबॉलमधलं सगळ्यात देखणं चित्र मला तरी तिथेच दिसतं. ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सच्या मैदानावर तिसऱ्या बेसच्या बाजूला बसून पाहा. न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाची ही डबल-ए, म्हणजे दोन पायऱ्या खालची टीम, खेळाडू तरुण आणि धावायला उतावीळ, शिवाय जागा मैदानाच्या इतक्या जवळ की ४०० मिमी पुरून उरतात.

मिररलेसच्या अडचणीही सांगायला हव्यात. १०० मिमीच्या अलीकडे काहीच नाही, त्यामुळे शेजारी बसलेल्या मुलांचा फोटो फोनवरच काढावा लागतो. सायलेंट शटर लावलात तर साध्या सेन्सरवर फिरणारी बॅट केळ्यासारखी वाकलेली येते, म्हणून शटर मेकॅनिकलच ठेवा. आणि काही स्टेडियममध्ये लेन्सच्या लांबीवर मर्यादा असते, तिकीट काढण्याआधी तेवढं पाहून घ्या.

वर्षातून एखाद-दुसरा सामना, घरच्यांचेही फोटो हवेत आणि बॅटरचा एखादा झोकदार फटका मिळाला तरी पुरे, असं असेल तर ब्रिज घ्यायला माझी हरकत नाही. मात्र दुकानात तो हातात घेतलात की आधी समोरच्या काउंटरवरच्या माणसावर पूर्ण झूम करा, मग दाराशी उभ्या असलेल्याला फ्रेममध्ये आणा. मनात ‘एक, दोन’ म्हणून होण्याआधी तो नीट दिसला, तर बिनधास्त घ्या.