पिकअपचे मागचे बुश: आठ महिने, दोन सेट आणि १८ चा पाना

जुलैमध्ये या बुशच्या सेटला एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. आज डिसेंबरात तो रिव्ह्यू बदलतोय, कारण अर्धी चूक माझी निघाली. उरलेली अर्धी सेटवाल्याची, ती आधी सांगतो.

मागच्या पाट्यांचे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, सहा रबरी बुश (पट्ट्यांच्या टोकांत बसणारी रबरी नळकांडी) आणि १२ एमएमचे नवे बोल्ट, १,४८० रुपये, एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवले. जुन्या बोल्टांना १९ चा पाना लागायचा, नव्यांचं डोकं निघालं १८ चं. आपल्या पेटीत १७ असतो, १९ असतो, १८ कुणाकडे असतो सांगा? नव्या मापात १२ एमएमच्या बोल्टाचं डोकं १८ चं असतं, हे नंतर कळलं. असू दे की, पण पाकिटावर एक ओळ छापायला काय जातंय? मी १९ नेच आवळायला गेलो, पाना घसरला, एका नटाचे कोपरे गोल झाले आणि बोटांची सालटी निघाली. शेवटी जुन्या बाजारात ८० रुपयांना १८ चा पाना मिळाला.

हे सगळं घरी करायचं कारण एकच, मिस्त्रीने २,२०० मजुरी सांगितली. सोलापूरचा एप्रिल, दुपारी पाना उचलला तरी हात भाजतो. त्यात दोन जुने बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले. पाना फिरवला की बोल्ट फिरायचा, बोल्टाबरोबर नळीही फिरायची, बाहेर मात्र काडीभर यायचा नाही. ३०० रुपये देऊन ग्राइंडर आणला आणि कापले. रबर जळाल्याचा वास गल्लीभर गेला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय जाळायलाव ओ?" नवे बुश मात्र साबणाचं पाणी लावल्यावर सरळ आत बसले. संध्याकाळी गाडी घोड्यांवर (टेकू देणाऱ्या लोखंडी स्टँडवर) असतानाच सगळे बोल्ट आवळले आणि २,२०० वाचवले म्हणून खूश झालो.

जूनमध्ये करकर सुरू झाली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरले की हळू, स्पीडब्रेकरवर जोरात. एका ड्रायव्हरने पाट्यांवर जळकं ऑइल मारायला सांगितलं, आणि मी एका बाजूला मारलंही. जुलैत टॉर्च लावून बघितलं तर दोन बुश फाटलेले. तेव्हा तो एक स्टार दिला. विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला, चार फोन झाले, पाचवा उचललाच नाही.

मग गेलो त्याच मिस्त्रीकडे. तो खाली वाकला, फाटलेल्या रबरावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मालक, गाडी हवेत असताना बोल्ट आवळला का?"

"होय की."

"मग रबर फाटणारच."

हे बुश गरगर फिरत नाहीत. आतली नळी बोल्टाने दाबून पक्की होते, बाहेरची बाजू पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, घट्ट असते आणि मधलं रबर पीळ घेतं. चाकं लटकलेली असताना आवळलं की तीच जागा रबराची मूळ जागा ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं, माल भरला की आणखी. बोल्ट ढिले ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा हलवायची आणि मगच आवळायचं. हे सांगायचे त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जळक्या ऑइलवर मात्र शिव्या घातल्या, रबर त्याने फुगतं म्हणे.

ऑगस्टमध्ये पुन्हा तोच सेट घेतला. विश्वास वगैरे काही नाही, ७० रुपयांनी उतरला होता. या वेळी चाकं जमिनीवर, मी गाडीखाली आडवा, हातात १८ चा पाना. तेव्हापासून पावसाळ्यातले खड्डे झाले, आता मार्केट यार्डातून कांद्याची भरगच्च खेप चालू आहे, आवाज नाही. परवा टॉर्च लावून पाहिलं, चीर नाही. ऑइल मारलेल्या बाजूचा एक बुश कडेला किंचित फुगलाय. पाटे नीट न पुसताच नवा बसवला, तो दोष माझ्याच खात्यात.

हिशोब केला तर दोन सेट, ग्राइंडर आणि पाना मिळून ३,२७० झाले. मिस्त्रीकडे एकदाच केलं असतं तर सेटसकट ३,६८०. म्हणजे ४१० रुपये वाचले, सोलून निघालेली बोटं सोडून.

आता तीन स्टार. एक विक्रेत्याच्या फोनसाठी कापला, एक १८ साठी. तो पाना गेल्या आठवड्यात मिस्त्री मागून घेऊन गेलाय, अजून परत आलेला नाही.