जॉन प्राइन यांचा पहिला अल्बम: आठ महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन यांचा 'जॉन प्राइन' हा 1971 सालचा अल्बम मी गेले आठ महिने एलपीवर ऐकतो आहे. पहिली प्रत कडेने वाकलेली निघाली आणि ती बदलून द्यायला विक्रेत्याने तीन आठवडे घेतले, तेवढी कुरकुर सोडली तर खरेदीबद्दल तक्रार नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस मात्र मी काहीसा निराश होतो. आवाज सपाट, किंचित नाकातला, आणि चाली इतक्या साध्या की एकीला दुसरीपासून वेगळे ओळखायलाही वेळ लागावा. लक्ष सुरांवरून शब्दांवर गेले तेव्हा कुठे हा अल्बम उलगडू लागला.

प्राइन शिकागोजवळच्या मेवुड या उपनगरात टपाल वाटत आणि पत्रे टाकत हिंडताना मनातल्या मनात गाणी जुळवत. गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसन यांनी त्यांना शिकागोत ऐकले, पाठोपाठ अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि तेरापैकी बारा गाणी आरिफ मार्दिन यांच्या निर्मितीखाली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झाली. मुखपृष्ठावर ते गवताच्या भाऱ्यांवर बसलेले दिसतात, ते मला आजही नाटकी वाटते, कारण माणूस उपनगरातला होता. त्यांच्या गाण्यांत खेडे आले ते आईवडिलांच्या केंटकी राज्यातून.

पहिल्या बाजूवर 'हॅलो इन देअर', 'सॅम स्टोन' आणि 'पॅरडाइज' ही तीन गाणी लागोपाठ येतात आणि अल्बमचे सारे वजन तिथे आहे. 'हॅलो इन देअर'मधल्या म्हाताऱ्या जोडप्याची मुले पांगली आहेत, एक कोरियाच्या युद्धात मारला गेला आहे आणि तो कशासाठी गेला हे बापाला अजून उमगलेले नाही. बाई मागच्या दाराच्या जाळीतून बाहेर बघत बसते, एवढेच सांगून प्राइन पुढे सरकतात. 'सॅम स्टोन'मध्ये युद्धावरून परतलेल्या जवानाचे व्यसन आपल्याला कळते ते लेकराच्या तोंडून: बाबांच्या दंडाला एक भोक आहे आणि घरातला पैसा तिथेच जातो. मुलाला जेवढे दिसते तेवढेच तो बोलतो आणि उरलेला अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा असतो. 'पॅरडाइज' एकट्याचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कचे आहे आणि त्यात फिडल (व्हायोलिन) प्राइन यांच्या थोरल्या भावाने वाजवले आहे. मुलेनबर्ग काउंटीतले वडिलांचे गाव कोळशाच्या खाणकामाने कसे नाहीसे झाले, याचे ते गाणे आहे.

दुसऱ्या बाजूने मला अधिक वेळ घ्यायला लावला. 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी'त चोविशीतला तरुण पहिल्याच ओळीत स्वतःला म्हातारी बाई म्हणवतो, आणि स्वयंपाकघरातल्या माश्या व कामावरून येऊन दिवसभरातले काहीच न बोलणारा नवरा इतक्या सहजपणे येतात की ते सोंग आहे, याचा विसर पडतो. 'डोनाल्ड अँड लिडिया'त नाणी मोडून देणारी एक स्थूल मुलगी आणि दहा मैलांवरच्या छावणीतला एक शिपाई यांची गाठ फक्त कल्पनेत पडते, आणि प्राइन त्या दोघांची जराही टर उडवत नाहीत.

तरीही माझ्या मते सर्वांत घट्ट विणीचे गाणे 'फार फ्रॉम मी' हेच आहे. कॅफे बंद होण्याची वेळ झाली आहे, मुलगी चमचे साफ करते आहे, रेडिओवरच्या गाण्याबरोबर तो गुणगुणतो आहे. गाण्याने डोके उठले, स्टेशन बदल, असे ती म्हणते आणि तिला वैताग गाण्याचा नसून आपला आला आहे, हे त्याच्या ध्यानात येते. प्रेम संपल्याचे इतक्या कमी सामानात सांगितलेले मी क्वचितच ऐकले आहे.

सगळाच अल्बम या उंचीवर नाही. 'प्रिटी गुड' आणि 'फ्लॅशबॅक ब्लूज' मी आता बहुतेक वेळा वगळतो. 'इल्लीगल स्माइल'चा खट्याळपणा पहिल्या महिन्यातच विरला, आणि मोटारींवर झेंड्याचे स्टिकर चिकटवणाऱ्या देशभक्तांची थट्टा करणारे गाणे व्हिएतनाम युद्धाच्या त्या वर्षांत जेवढे बोचले असेल तेवढे आज बोचत नाही. इंग्रजी बोलीचा सराव नसेल त्यांनी गीते समोर ठेवून ऐकावे, मात्र पहिल्यांदा नव्हे. शब्द निसटत असतानाही 'सॅम स्टोन'च्या सुरुवातीचा ऑर्गन पुरेसे सांगून जातो.

हल्ली मी दुसरी बाजूच अधिक लावतो आणि 'फार फ्रॉम मी' संपले की सुई उचलून पुन्हा मागे ठेवतो. तबकडीवर त्या जागी आता बारीक खरखर ऐकू येऊ लागली आहे.